तुमचं गाव कुठे मोडतं आणि त्याची लोकसंख्या किती? सिंधुदुर्गाच्या उदाहरणावरून, पायरी-पायरीने

आमच्या गावाच्या नळपाणी योजनेचा प्रस्ताव परत आला तेव्हा पहिल्या पानावर लाल शाईने एकच ओळ लिहिलेली होती: 'लोकसंख्या कोणत्या गावाची?' समितीचे अध्यक्ष, ग्रामसेवक आणि मी, तिघंही त्या ओळीकडे बघत राहिलो. आकडा आम्ही मनाने घातलेला नव्हता, जनगणनेतूनच घेतला होता. पण तो आमच्या अख्ख्या ग्रामपंचायतीचा, म्हणजे दोन महसुली गावांचा मिळून होता आणि सोबत जोडलेला नकाशा मात्र त्यातल्या एकाच गावाचा होता. टाकी दोन गावांच्या मापाची आणि नळ एका गावाला, असं ते अंदाजपत्रक झालं होतं. ते दुरुस्त करण्यात एक उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात बायका नेहमीसारख्याच विहिरीवर रांगेत उभ्या राहिल्या.

त्या एका ओळीचं उत्तर शोधताना तलाठी कार्यालयापासून ओरोसच्या जिल्हा कचेऱ्यांपर्यंत फिरून मी जे शिकलो ते इथे लिहितो आहे. ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले सदस्य, गावाचा आराखडा करणारी मंडळी, गावाचा इतिहास लिहायला बसलेली मुलं, संस्थांचे कार्यकर्ते, कॉलेजचा प्रकल्प हातात घेतलेले विद्यार्थी, सगळ्यांना याची गरज पडते. उदाहरणं माझ्या जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातली आहेत. नावं बदलली की महाराष्ट्रातल्या इतर जिल्ह्यांनाही हाच क्रम लागू पडतो.

सुरुवात करण्याआधी हे जवळ ठेवा

- गावातल्या कुठल्याही एका जमिनीचा सातबारा. तुमचाच असायला हवा असं नाही.
- ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा नमुना ८.
- २०११ ची जिल्हा जनगणना पुस्तिका, भाग अ आणि भाग ब. दोन्ही भाग जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.
- ग्रामपंचायत निवडणुकीची शेवटची प्रभागरचना.
- तलाठी कार्यालयातला गावनकाशा. प्रत मिळाली तर उत्तमच, नाहीतर निदान बघून या.
- एक कोरी वही. मोबाइलमध्ये टिपून ठेवलेलं ऐन वेळी सापडत नाही.

१. 'गाव' म्हणजे कुठलं गाव, ते पहिलं ठरवा

सगळा घोळ इथेच होतो, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नका.

आपण बोलताना 'आमचो गाव' म्हणतो तेव्हा मनात बहुतेक वेळा वाडी असते. देऊळवाडी, गावठणवाडी, वरचीवाडी, खालचीवाडी, बौद्धवाडी. माणसाचं येणं-जाणं, लग्नकार्य, भजन सगळं वाडीशी बांधलेलं असतं. पण जनगणनेच्या छापील तक्त्यात ग्रामीण भागातली वाडी वेगळी येत नाही. तिथे सगळ्यात लहान घटक म्हणजे महसुली गाव. तेव्हा 'आमच्या वाडीची जनगणनेतली लोकसंख्या' असा आकडा कोणी पुढे केला तर तो कुठून आला हे जरूर विचारा.

महसुली गाव म्हणजे ज्याच्या नावाने सातबारा निघतो ते. त्याला हद्द असते, नकाशा असतो, क्षेत्र ठरलेलं असतं. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली ही गावं, तालुके आणि जिल्हे ठरतात.

ग्रामपंचायत ही वेगळी गोष्ट आहे. ती १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाखाली स्थापन होते. एका महसुली गावाची एक पंचायत असू शकते, दोन-तीन गावांची मिळून गट ग्रामपंचायत असू शकते, आणि एखाद्या मोठ्या गावात एकापेक्षा जास्त पंचायतीही असू शकतात. सिंधुदुर्गात महसुली गावं सातशेहून जास्त आहेत आणि ग्रामपंचायती त्यांच्यापेक्षा बऱ्याच कमी. एवढ्यावरूनच कळतं की कितीतरी पंचायती एकाहून अधिक गावांच्या आहेत.

आता नावांचा गुंता. कुडाळ तालुक्यात 'नेरूर तर्फ हवेली' आहे आणि 'नेरूर कर्यात नारूर'ही आहे. तर्फ आणि कर्यात हे जुन्या काळचे महसुली विभाग होते. ते गेले, पण गावांच्या नावांना चिकटून राहिले. यादीत 'नेरूर' एवढंच बघून आकडा उचलला तर दुसऱ्याच गावाची माणसं तुमच्या फाइलीत येतात. बुद्रुक आणि खुर्दचंही तसंच: ओरोस बुद्रुक वेगळं, ओरोस खुर्द वेगळं. कुडाळ तालुक्यातलं माणगाव आणि रायगड जिल्ह्यातलं तालुक्याचं माणगाव यांची गल्लत तर पत्रव्यवहारातसुद्धा होते.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: माझी वाडी, माझं महसुली गाव, माझी ग्रामपंचायत, आणि या पंचायतीत आणखी कुठली महसुली गावं येतात. शेवटच्या ओळीचं उत्तर ग्रामसेवकांना विचारा आणि सातबाऱ्यावरच्या नावाशी पडताळून घ्या. आम्ही हे पान आधी लिहिलं असतं तर तो प्रस्ताव परत आला नसता.

२. महसुलाची शिडी चढा

खालून वर क्रम असा: महसुली गाव, सजा, महसूल मंडळ, तालुका, उपविभाग, जिल्हा, विभाग.

सजा म्हणजे एका तलाठ्याकडची गावं. तलाठ्याच्या शिक्क्यावर सजेचं नाव असतं, ते बघून घ्या. सजेचं नाव आणि तुमच्या गावाचं नाव एकच असेल असं नाही. २०२४ पासून तलाठ्यांचं पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असं झालं आहे. गावात सगळे अजून तलाठीच म्हणतात, अर्जावर मात्र नवं पदनाम घाला. काही सजा मिळून मंडळ होतं, त्याचे मंडळ अधिकारी म्हणजे आपले 'सर्कल'. तालुक्याला तहसीलदार, उपविभागाला प्रांत, जिल्ह्याला जिल्हाधिकारी. सिंधुदुर्ग हा कोकण विभागातला जिल्हा, आणि विभागीय आयुक्तांचं कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे.

सजा आणि मंडळांची पुनर्रचना होत असते. दहा वर्षांपूर्वीच्या कागदावर असलेली सजा आज तीच असेल असं धरून चालू नका.

३. पंचायतीची शिडी वेगळी आहे

ही शिडी निवडून दिलेल्यांची आहे: प्रभाग, ग्रामपंचायत, पंचायत समितीचा गण, जिल्हा परिषदेचा गट.

गावाचे प्रभाग पाडून तिथून सदस्य निवडले जातात. सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते: १,५०० पर्यंत ७ सदस्य, १,५०१ ते ३,००० पर्यंत ९, असं करत जास्तीत जास्त १७. दोन गण मिळून एक गट होतो. राज्यात कुठल्याही जिल्हा परिषदेचे किमान ५० गट असतात. सिंधुदुर्ग लहान जिल्हा असल्याने इथे तेवढेच आहेत: ५० गट, १०० गण.

महसुलाची हद्द आणि गणाची हद्द यांचा संबंध नाही. तुमचं गाव एका मंडळात असतं आणि शेजारचं त्याच मंडळातलं गाव दुसऱ्या गणात असतं, हे अगदी नेहमीचं आहे. विधानसभेची रचना आणखी वेगळी. सिंधुदुर्गात तीन मतदारसंघ: कणकवलीत देवगड, वैभववाडी आणि कणकवली, कुडाळात कुडाळ आणि मालवण, सावंतवाडीत सावंतवाडी, वेंगुर्ला आणि दोडामार्ग. लोकसभेचा मतदारसंघ रत्नागिरीशी जोडलेला आहे.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे 'गट'. गट ग्रामपंचायत म्हणजे अनेक गावांची एक पंचायत. जिल्हा परिषद गट म्हणजे मतदारसंघ. गटविकास अधिकारी म्हणजे पंचायत समितीचे प्रमुख, त्यांचा कारभार पूर्ण तालुक्यावर. जमिनीचा गट नंबर म्हणजे शेताचा तुकडा. शिवाय बचत गट आहेतच. कोणी 'तुमचा गट कुठला?' असं विचारलं तर आधी 'कशाचा गट?' हे विचारून घ्या, लाजू नका. कार्यालयातल्या लोकांनाही हा प्रश्न रास्तच वाटतो.

आणखी एक. पिन कोड हा प्रशासकीय विभाग नाही, ती टपाल वाटण्याची सोय आहे. ४१६ ने सुरू होणारे पिन सिंधुदुर्गात आहेत, तसेच कोल्हापूर-सांगलीतही आहेत. पिनवरून गावांची यादी करायला बसलात तर घाट चढून जाल.

४. जिल्ह्याचा सांगाडा पाठ करा

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. मुख्यालय कुडाळ तालुक्यात ओरोसला. त्याला सिंधुदुर्गनगरी म्हणतात. ज्या किल्ल्यावरून जिल्ह्याला नाव पडलं तो मालवणच्या समुद्रात. बाहेरून येणारे 'सिंधुदुर्गला कलेक्टर ऑफिस' म्हणून मालवणची गाडी धरतात, असं दोनदा तरी माझ्यासमोर झालं आहे.

तालुके आठ. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यांची लोकसंख्या अशी:

कुडाळ – १,५५,६२४
सावंतवाडी – १,४७,४६६
कणकवली – १,३५,२९५
देवगड – १,२०,९०९
मालवण – १,११,८०७
वेंगुर्ला – ८५,८०१
दोडामार्ग – ४८,९०४
वैभववाडी – ४३,८४५

बेरीज करा: ८,४९,६५१. पुस्तिकेत जिल्ह्याची लोकसंख्या हीच आहे. ही सवय लावून घ्या. आकड्यांचा कुठलाही तक्ता हातात आला की आधी बेरीज. बेरीज चुकली तर एखादं गाव गळलेलं असतं किंवा दोनदा आलेलं असतं. आमच्या आराखड्यात गावांची बेरीज पंचायतीच्या आकड्याशी जुळत नव्हती, आणि ते बघायची तसदी आम्ही घेतली नव्हती.

जुने आकडे शोधणाऱ्यांसाठी दोन खुणा. १९७१ चं काहीही हवं असेल तर ते रत्नागिरी जिल्ह्याच्या पुस्तिकेत आहे, कारण सिंधुदुर्ग तेव्हा नव्हताच. आणि १९९१ च्या पुस्तिकेत दोडामार्ग तालुका सापडणार नाही. ती गावं तेव्हा सावंतवाडीत होती. 'सावंतवाडी तालुक्याची लोकसंख्या घटली' असं म्हणण्याआधी दोडामार्गाची गावं त्यात धरली आहेत की वगळली आहेत, हे बघा.

शहरी-ग्रामीणची रेघही सरकत असते. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण या जुन्या नगरपरिषदा. कुडाळ, देवगड-जामसंडे, कसई-दोडामार्ग, वाभवे-वैभववाडी या नगरपंचायती २०११ नंतर झाल्या. जनगणनेच्या वेळी कुडाळला ग्रामपंचायत होती, तरी जनगणनेने तिला 'सेन्सस टाऊन' म्हणून शहरी रकान्यात धरलं. त्याचे निकष तीन: लोकसंख्या किमान ५,०००, कामकरी पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. म्हणजे जनगणनेच्या लेखी शहर आणि ग्रामविकास खात्याच्या लेखी गाव, अशी एकच जागा दोन रकान्यांत असू शकते.

५. नावावर नाही, कोडवर विश्वास ठेवा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७, सिंधुदुर्गाचा ५२९, आणि प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी कोड. हा सहा आकडी कोड देशात पुन्हा कुठल्याही गावाला नाही. नावं इंग्रजीत कशीही लिहिलेली असतात. देवगडचंच स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी दिसतं, सावंतवाडीचंही. कोड मात्र एकच.

केंद्र सरकारची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' उघडा. तिथे राज्य, जिल्हा, तालुका निवडत गेलात की ग्रामपंचायत आणि तिच्याखालची महसुली गावं कोडसकट दिसतात. पहिल्या पायरीवर वहीत लिहिलेलं इथे पडताळून बघा. ग्रामपंचायतीचा कोड आणि गावाचा कोड वेगळे असतात. अर्जात कुठला मागितला आहे, ते नीट वाचा.

६. जनगणना पुस्तिका उघडा आणि योग्य रकान्यात बोट ठेवा

पुस्तिका जाडजूड आहे, घाबरू नका. भाग अ मध्ये गावात काय सोयी आहेत ते: शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, गावाचं क्षेत्र. भाग ब मध्ये माणसं: घरं, एकूण लोकसंख्या, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, कामकरी. गावं तालुकावार लावलेली असतात. मोबाइलच्या पडद्यावर ओळ चुकते, म्हणून तालुक्याची तेवढी पानं छापून घ्या आणि ओळीखाली पट्टी धरून वाचा. मी एकदा शेजारच्या गावाची अनुसूचित जातीची संख्या आमच्या गावापुढे लिहिली होती, एका ओळीच्या फरकाने.

वाचताना जपायच्या गोष्टी अशा.

क्षेत्र हेक्टरमध्ये असतं. घनता काढायची तर शंभराने भागून चौरस किलोमीटर करा. जिल्ह्याचं क्षेत्र ५,२०७ चौरस किलोमीटर आणि घनता १६३. तुमच्या गावाची घनता सोळा हजार किंवा दीड आली तर भागाकारात शून्यं चुकली आहेत.

'कुटुंब' म्हणजे घर नव्हे. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. एका घरात दोन भावांच्या दोन चुली असतील तर कुटुंबं दोन.

'मुख्य कामकरी' म्हणजे वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलेले. त्याहून कमी काम केलेले 'सीमांतिक'. आपल्याकडे पावसाळी भातशेती करून बाकीचे महिने इतर काही करणारे पुष्कळ आहेत. नुसता मुख्य कामकऱ्यांचा रकाना घेऊन 'गावात शेती करणारे एवढेच' असं लिहू नका.

हंगामी आणि अंतिम आकडे वेगळे असतात. २०११ साली जिल्ह्याची लोकसंख्या पहिल्यांदा जाहीर झाली तेव्हा ८,४८,८६८ होती, अंतिम झाली ती ८,४९,६५१. दोन्ही '२०११ ची' म्हणून फिरतात. अंतिम घ्या आणि तसं लिहा.

यादीत काही गावांपुढे लोकसंख्येच्या जागी शून्य दिसेल. ती छपाईची चूक नाही. तिथे जमीन आहे, हद्द आहे, पण वस्ती नाही. तिलारी धरणासाठी दोडामार्गातली काही गावं उठली आणि माणसं पुनर्वसनाच्या जागी गेली. अशा ठिकाणी जुन्या आणि नव्या यादीची तुलना करताना गावाचं नाव आणि माणसं वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात, हे ध्यानात ठेवा.

७. कोण मोजलं गेलं आणि कोण नाही, हे समजून घ्या

माझ्या मते आकड्यापेक्षाही महत्त्वाची पायरी ही आहे.

२००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. दहा वर्षांत ती १९,१७४ ने कमी झाली. त्याच दहा वर्षांत राज्य जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढलं. शेजारचा रत्नागिरी जिल्हाही घटला. साथ नाही, दुष्काळ नाही, मग माणसं गेली कुठे, हे कोकणात कोणाला सांगावं लागत नाही. मुंबईला, पुण्याला, गोव्याला.

जनगणनेत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, जिथे त्याचं घर आहे तिथे नाही. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीत झाली आणि हिशेब १ मार्चच्या मध्यरात्रीचा धरला गेला. त्या सगळ्या काळात जो गावाबाहेर होता तो गावात धरला गेला नाही. लालबागच्या खोलीत राहणारा चाकरमानी मुंबईत मोजला गेला, मग गावी त्याचं चिरेबंदी घर असो, सातबाऱ्यावर नाव असो, नाहीतर देवळात मान असो. त्या वर्षीची होळी १९ मार्चला होती. शिमग्याला गाव भरलं, तोपर्यंत गणना आटोपली होती.

आमच्या वाडीतल्या एका आजोबांना मी गावाचा आकडा सांगितला. ते वळईवर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबवून म्हणाले, 'गणपतीत ये आणि मोज, मगे कळतला.' त्यांचं म्हणणं खरं आहे. गणपतीत आमच्या वाडीत एका विहिरीवर चार पंप लागतात.

याचा व्यवहारात अर्थ काय? पाण्याचंच बघा. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. समजा गावात १,००० माणसं, तर रोजचे ५५,००० लिटर. गणपतीत तीच संख्या दुप्पट झाली तर १,१०,०००. जनगणनेचा आकडा बदलून वाढवून लिहिणं चूक आहे, तसं करू नका. पण प्रस्तावात वेगळ्या परिच्छेदात 'सणाच्या काळात येणारी लोकसंख्या' अशी नोंद वाडीवार घरांच्या यादीसह जोडता येते. दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं आणि ती मागणी कोणी खोडून काढली नाही.

स्थलांतराची सावली स्त्री-पुरुष प्रमाणातही पडते. २०११ मध्ये जिल्ह्यात पुरुष ४,१७,३३२ आणि स्त्रिया ४,३२,३१९. हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया. हा आकडा दाखवून 'आमच्याकडे मुलींना डोक्यावर घेतात' असं भाषणात सांगितलं जातं. कृपा करून आराखड्यात तसं लिहू नका. ० ते ६ वयाचा रकाना बघा: तिथे मुली मुलग्यांपेक्षा कमीच आहेत. वरचा आकडा कामासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांमुळे फुगलेला आहे. तुमच्या गावाचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिलेत तर ग्रामसभेत बोलायला खरा विषय मिळेल.

८. आजचा आकडा हवा असेल तर

२०११ नंतरची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती झाली नाही. त्यामुळे अधिकृत आकडा म्हणून अजून २०११ चाच द्यावा लागतो. पण गावात आज किती माणसं आहेत हे कळायला आणखी नोंदी आहेत. प्रत्येकीचा स्वभाव ओळखून वापरा.

मतदार यादीत फक्त १८ वर्षांवरचे, आणि त्यात मुंबईत राहणाऱ्यांची नावंही बरीच. म्हणून काही गावांत मतदार जवळपास लोकसंख्येएवढे दिसतात. रेशनकार्डांवर लग्न होऊन गेलेल्या मुली आणि वारलेली माणसं राहून जातात. नमुना ८ मध्ये घरं कळतात, माणसं नाही, आणि बंद घरांचीही घरपट्टी असतेच. माझा अनुभव असा की सगळ्यात ताजी नोंद आशाताई आणि अंगणवाडी सेविकांच्या वहीत असते. त्या दारोदार जातात. कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुठलं घर मे महिन्यातच उघडतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांच्याशी आदराने बोला, त्यांचा वेळ विचारून जा, आणि नुसता एकूण आकडा मागा. घराघरातली खासगी माहिती मागू नका.

त्याहून पक्कं हवं असेल तर वाडीवार मोजणी स्वतः करा. आमच्याकडे प्रत्येक वाडीतली दोन मुलं घेतली, एका रविवारी झालं. रकाने चारच: बारमाही राहणारे, सणापुरते येणारे, कायमचं बंद घर, आणि चुली किती. तारीख वर लिहा. पण लक्षात ठेवा, हा तुमचा आकडा आहे, सरकारी नव्हे. कागदावर जनगणना २०११ चा आकडा आणि ग्रामपातळीवरची मोजणी असे दोन वेगळे रकाने ठेवा. दोन्ही मिसळून तिसराच आकडा तयार केला की कोणाचाच विश्वास राहत नाही.

९. अडलात तर

कुठली महसुली गावं कुठल्या पंचायतीत, हे ग्रामपंचायत आणि पंचायत समिती. हद्द आणि क्षेत्र, तलाठी आणि तहसील. नकाशा, भूमी अभिलेख. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं २०२४ मध्ये एक करून 'ग्रामपंचायत अधिकारी' हे नाव दिलं आहे, अर्जावर ते घाला. आठवडा बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊ नका, कोणाला धड बोलायला वेळ नसतो.

तोंडी मिळत नसेल तर माहितीचा अधिकार. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एकाच विषयाचा, शब्द दीडशेच्या आत, उत्तर तीस दिवसांत. 'माझ्या गावाची सर्व माहिती द्या' असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही. 'अमुक ग्रामपंचायतीत समाविष्ट महसुली गावांची नावं व कोड यांची यादी द्यावी' असं नेमकं मागा. कोणा एकाच्या कुटुंबाची जनगणनेतली नोंद मात्र मागू नका. १९४८ च्या जनगणना अधिनियमाने ती गुप्त ठेवलेली आहे आणि ते योग्यच आहे.

१०. पुढच्या गणनेआधी एवढं बघून घ्या

नव्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. घरयादीचा टप्पा २०२६ चा, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ ची, आणि हिशेबाचा क्षण १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा. म्हणजे या वेळीही शिमग्याच्या आधीच. चाकरमानी मंडळींनी गावी आणि मुंबईत दोन्हीकडे नाव घालू नये, जिथे राहता तिथेच एकदा सांगा.

गावात असणाऱ्यांसाठी मात्र काम आहे. प्रगणक वाडीवाडीने नकाशा काढत जातो, आणि डोंगरापलीकडची चार घरांची वाडी त्याला कोणी दाखवली नाही तर सुटू शकते. आमच्याकडे अशी एक धनगरवाडी आहे. तिथे जायला ओढा ओलांडून अर्धा तास चढावं लागतं. तुमच्या गावात अशी वस्ती कुठली, तिथे किती चुली आहेत आणि वाट दाखवायला कोण जाईल, ही तीन उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर आत्ताच लिहून ठेवा, आणि प्रगणक आला की ते पान त्याला दाखवा.